येतोस की येतेस?

चौथीतली एक मुलगी स्वाध्यायातला प्रश्न मोठ्याने वाचत होती. 'तू शाळेत कसा येतोस?' ती अडखळली, आणि 'तू शाळेत कशी येतेस?' असं स्वतःच बदलून तिने पुन्हा वाचलं. पुस्तकात तसं छापलेलं नव्हतं. मी तिला टोकलं नाही.

मराठीत 'तू'ला साधा वर्तमानकाळ जोडला की बहुतेक क्रियापदाला मुलगा की मुलगी हे ठरवावंच लागतं. 'येतोस' लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मुलींना तो प्रश्न शेजारच्या बाकावरच्या मुलाला विचारल्यासारखा ऐकावा लागतो. 'येतोस/येतेस' अशी तिरपी रेघ डोळ्यांना चालते, जिभेला नाही. आणि खालच्या वर्गांत धडा जिभेवरच असतो.

वाटा मराठीतच आहेत. 'तू काय करशील?' या भविष्यकाळात भेदच नाही. 'तू काय पाहिलंस?' इथे क्रियापद पाहिलेल्या गोष्टीप्रमाणे चालतं, पाहणाऱ्याला मोकळं सोडतं. पण गंमत अशी, की आम्हा शिक्षकांचं हक्काचं क्रियापद, 'शिकणे', या सवलतीत बसत नाही. सकर्मक असूनही ते कर्त्यालाच धरून राहतं: शिकलास, शिकलीस. म्हणून मला 'तुला काय समजलं?' हा प्रश्न फार आवडतो. त्यात लिंगभेद नाही, आणि पाठ केलेलं उत्तरही त्याला पुरत नाही.

लिंगाचा नसला, तरी आत-बाहेरचा भेद आज्ञार्थातही असतो. 'लिहा' म्हणणारा बाहेर उभा असतो, 'लिहूया' म्हणणारा आत येतो. बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांत ही 'ऊया'ची रूपं शीर्षकांत भेटतात, तेव्हा बरं वाटतं. 'लिहूया'मागे 'आपण' असतं, आणि हिंदीच्या 'हम'ला न जमणारी एक गोष्ट मराठीला जमते: 'आम्ही' समोरच्याला वगळतं, 'आपण' त्याला सामावून घेतं. मात्र 'लिहूया' म्हणून मी खुर्चीत बसून राहिले, तर मुलांना ते लगेच कळतं. म्हणून मीही वही उघडते.

आज घंटेआधी 'काय शिकलात?' असं वर्गाला न विचारता एकेकाजवळ जाऊन म्हटलं, 'तुला काय समजलं?' पहिल्या दोन रांगांपर्यंतच पोचले. प्रत्येकाला सांगायला वेळ लागत होता.