हप्ता थकला, पगार वळता झाला : न्याय कोणता?



पगाराच्या दिवशी माणूस एटीएममध्ये कार्ड घालतो आणि खात्यात शिल्लक काहीच नसते. चौकशी केल्यावर कळते की, त्याच बँकेच्या थकलेल्या कर्जापोटी बँकेने सगळी रक्कम वळती करून घेतली. असा अनुभव आलेली माणसे आमच्याकडे येतात तेव्हा त्यांना कायद्याचे कलम नको असते. 'फादर, मला न विचारता माझ्या पैशाला हात लावला, ही चोरी नव्हे काय?' असे ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे शोधले पाहिजे.

प्रथम बँकेची बाजू पाहू. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा ते आपल्या नावाच्या पेटीत पडून राहत नाहीत. ते पैसे बँकेचे होतात आणि बँक आपली ऋणको होते. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८४८ साली एका खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले आणि आपल्याकडील बँक व्यवहारही त्यावरच चालतो. म्हणजे बचत खात्यात बँक आपले देणे लागते आणि कर्ज खात्यात आपण बँकेचे देणे लागतो. दोन माणसे परस्परांचे देणे लागत असतील तर त्यांनी वजावट करून उरलेली रक्कम चुकती करावी, ह्यात अन्याय दिसत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७१ वे कलमही बँकेला, उलट करार नसेल तर, तिच्याकडे ठेव म्हणून आलेला ग्राहकाचा माल एकूण येण्यापोटी अडवून ठेवण्याचा हक्क देते. वजावटीचा हक्क ह्या हक्काचा भाऊबंदच आहे.

ह्या हक्काला मर्यादाही आहेत. कर्ज देय झालेले असले पाहिजे. दोन्ही खाती एकाच व्यक्तीची आणि एकाच नात्याने असली पाहिजेत. एकट्या नवऱ्याच्या कर्जापोटी नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातील पैसे सहसा वळते करता येत नाहीत. मंडळाच्या खात्यातील पैसे खजिनदाराच्या खाजगी कर्जापोटी घेता येत नाहीत. ह्या मर्यादा पाळल्या असतील तर बँकेच्या कृतीला चोरी म्हणता येणार नाही. शिवाय बँक जे पैसे कर्जाऊ देते ते कोणाचे असतात? आपल्याच गल्लीतील विधवेची मुदत ठेव आणि निवृत्त शिक्षकाची पुंजी त्यात असते. कर्ज बुडते तेव्हा झळ त्यांनाही पोहोचते.

मग मनाला खटकते ते काय? येथे तत्त्वज्ञानातील एक जुना प्रश्न उपयोगी पडतो. प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' ह्या ग्रंथाच्या आरंभीच तो मांडला आहे. मित्राने आपल्याकडे शस्त्र ठेवायला दिले आणि नंतर त्याला वेड लागले. अशा वेळी त्याने मागितले म्हणून ते परत द्यावे काय? ज्याचे त्याला देणे हा न्याय खरा, तरी येथे नियम जसाच्या तसा लावला तर अनर्थ होईल. संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही ठेव परत करण्याचेच उदाहरण घेऊन सांगितले की, असे नियम बहुतेक वेळा खरे ठरतात, परंतु विशिष्ट परिस्थितीत तेच नियम लावणे घातक होऊ शकते. तेव्हा 'हक्क आहे काय?' एवढे विचारून भागत नाही. 'हा हक्क, ह्या वेळी, ह्या माणसावर, अशा रीतीने बजावावा काय?' असेही विचारावे लागते.

पवित्र शास्त्र नेमके हेच विचारते. जुन्या करारात कर्ज देण्याला बंदी नाही आणि तारण घेण्यालाही नाही. मात्र अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात सांगितले आहे की, जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण त्यावर घराचे पोट चालते. तारण घेण्यासाठी सावकाराने ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने स्वतः ते आणून द्यावे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले असेल तर ते सूर्यास्तापूर्वी परत करावे, असे निर्गम ग्रंथाच्या २२ व्या अध्यायातही आहे. कर्ज तसेच राहते, पण त्या रात्री माणूस थंडीत कुडकुडत नाही. उंबरठ्याचा नियम तर आम्हाला विशेष वाटतो. कर्जदारही आपल्या घराचा धनी आहे, हे सावकाराने विसरू नये म्हणून तो आहे.

आपल्या देशाचा कायदाही ह्या विचाराला पारखा नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम सांगते की, न्यायालयाच्या हुकमानेही ऋणकोचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारे जप्त करता येत नाहीत. पगाराचेही पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग सर्वसाधारण कर्जाच्या जप्तीतून सुटतो. मात्र ही जप्ती न्यायाधीशापुढे, दोन्ही बाजू ऐकून होते. बँक स्वतः रक्कम वळती करते तेव्हा येणेकरी तीच, न्यायाधीश तीच आणि वसुली अधिकारीही तीच. समोरच्या घरात औषध आणायचे आहे की मुलाची फी भरायची आहे, हे संगणकाला दिसत नाही. आमच्या मते दोष येथे आहे. आपले येणे मागणे हा अपराध नव्हे. न विचारता, न सांगता आणि घरात काय उरेल हे न पाहता घेणे, हा अपराध आहे.

३० जुलै २०२४ रोजी केरळातील वायनाड जिल्ह्यात दरडी कोसळून गावे गाडली गेली. वाचलेल्यांच्या खात्यात शासनाने तातडीची मदत म्हणून दहा हजार रुपये जमा केले आणि एका बँकेने त्या खात्यांतून कर्जाचे हप्ते कापून घेतले. लोक संतापले, शासनाने जाब विचारला आणि बँकेला पैसे परत करावे लागले. कर्ज खरे होते, हप्त्याची तारीखही खरी होती. तरीही ते चूक आहे हे कळायला कोणाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागले नाही. आपल्या राज्यातही अतिवृष्टीची मदत जाहीर करताना, त्या रकमेतून बँकांनी वसुली करू नये, असे आदेश शासन देत आले आहे.

'पण त्याने सही केली होती ना?' असे कोणी म्हणेल. सही केली होती, बारीक अक्षरांच्या दहा-बारा पानांवर, कर्जाची निकड असताना. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकात कामगारांच्या वेतनाविषयी हाच मुद्दा मांडला. दोघांची संमती असली तरी माणसाचे पोट भरण्याची गरज त्या कराराहून आधीची आणि मोठी आहे, असे त्यांनी सांगितले. सहीने कर्ज बांधले जाते, भूक बांधली जात नाही.

आता दुसरी बाजू, जी ऐकायला गोड नाही. पैसे असूनही ते दुसऱ्याच्या नावावर लपवणे, लग्नात मांडव मोठा घालून हप्ते मात्र चुकवणे, बँकेचा फोन न उचलणे, हेही सातव्या आज्ञेचे उल्लंघन आहे. फेडण्याची ऐपत नसलेल्याने मुदत किंवा सूट मागावी, असे संत थॉमस म्हणतात. मत्तयकृत शुभवर्तमानातील निर्दय चाकराचा दाखला (१८:२३-३५) पुन्हा वाचा. सोबत्याने शंभर दीनारांची माफी मागितली नव्हती, थोडी मुदत मागितली होती. ती त्याने दिली नाही, म्हणून राजा रागावला. मुदत मागण्यात लाज नाही आणि मुदत देण्यात नुकसान क्वचितच असते.

म्हणून काही साध्या सूचना. हप्ता थकणार असे दिसताच, थकण्याआधीच, बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रक्कम वळती झालीच, तर कोणत्या कर्जापोटी आणि किती, ह्याचा हिशेब लेखी मागा. बँकेने तक्रारीची दखल तीस दिवसांत घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. जामीनदार म्हणून सही करण्याआधी घरच्यांशी बोला. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते आणि मेहुण्याच्या गाडीसाठी आपलेही खाते रिकामे होऊ शकते.

आपल्यापैकी काही जण बँकांत नोकरीला आहेत, काही पतपेढ्यांच्या संचालक मंडळावर आहेत. त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. वसुली जरूर करा, ते ठेवीदारांप्रती तुमचे कर्तव्य आहे. परंतु रक्कम वळती करण्याआधी एक पत्र, एक फोन आणि महिन्याच्या घरखर्चापुरती शिल्लक, एवढे ठेवण्याचा नियम तुमच्या सभेत मांडा. बाकीच्यांनी आपल्या शेजारी कोणाच्या घरी ह्या महिन्यात पगार पोहोचला नाही, ह्याची चौकशी करावी आणि संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना कळवावे.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मत्तयने वापरलेला मूळ ग्रीक शब्द 'ऋण' असाच आहे. आज मिस्साबलीत ती प्रार्थना म्हणताना येणेकरी आणि देणेकरी, दोघांचीही आठवण ठेवू या.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू