लॉगबुकातील साक्ष

विमान चालवणाऱ्या प्रत्येकाजवळ एक वही असते. तिला लॉगबुक म्हणतात. कोणत्या दिवशी कोणते विमान कोठून कोठे नेले, किती वेळ नेले, त्यातला किती वेळ एकट्याने, किती शिक्षकासोबत, किती रात्री आणि किती केवळ उपकरणांवर नजर ठेवून, हे सारे तीत निरनिराळ्या रकान्यांत लिहायचे असते. ही वही वैमानिक स्वतःच्या हाताने भरतो. शिकाऊ अवस्थेनंतरच्या बहुतेक नोंदींना त्याच्याखेरीज दुसरा साक्षीदार नसतो. आणि याच वहीतील बेरजा पाहून विमान कंपनी ठरवते की या माणसाच्या हाती प्रवाशांचे प्राण सोपवावेत की नाही.

या वहीचा विचार मनात येण्याचे कारण एक पत्र. माझी धाकटी बहीण व मेहुणे रत्नागिरीहून अमेरिकेत जाऊन स्थायिक झाल्याला वीस वर्षे होत आली. त्यांची थोरली मुलगी तेथे फ्लाइट इन्स्ट्रक्टर, म्हणजे विमान चालवायला शिकवणारी शिक्षिका आहे. तिने लिहिले: ‘अस्सलामु अलैकुम, मामू. माझे 1512 तास पूर्ण झाले. विमान कंपनीचा अर्ज समोर आहे. दोन प्रश्नांपाशी हात अडला आहे. येथे ज्यांना विचारले त्यांनी कायदा सांगितला. कायदा मलाही ठाऊक आहे. तुम्ही मला दुसरे काही सांगावे म्हणून लिहिते.’

तिच्या प्रश्नांकडे जाण्यापूर्वी या तासांचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. 12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री न्यूअर्कहून बफेलोला निघालेले एक प्रवासी विमान उतरण्याच्या बेतात असताना कोसळले. विमानातील सर्व 49 जण आणि जमिनीवरील एक, असे 50 जीव गेले. विमानाचा वेग धोक्याच्या पातळीपर्यंत घटल्याचा इशारा मिळाला, तेव्हा कप्तानाने जे करायचे त्याच्या उलट केले, असे चौकशीत आढळले. चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. नोकरीच्या अर्जात या कप्तानाने आपल्या पूर्वीच्या नापास झालेल्या सर्व परीक्षा सांगितल्या नव्हत्या. त्या न सांगितल्यामुळेच अपघात झाला असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्यांना माहीत असण्याचा हक्क होता, त्यांना माहीत नव्हते, एवढे खरे. पुढे 2010 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि 2013 पासून प्रवासी विमानातील सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे 1500 तासांची अट लागू झाली. (त्या रात्रीच्या दोन्ही वैमानिकांचे तास 1500 हून अधिकच होते. माणसाचे कायदे कधीकधी जे मोजता येते तेच मोजतात.) व्यावसायिक परवाना साधारण 250 तासांवर मिळतो. मग मधले 1250 तास कोठून आणायचे? बहुतेक तरुण त्यासाठी शिक्षक होतात. दोन लेखी परीक्षा, तोंडी व प्रत्यक्ष उड्डाणाची कसोटी, गिरक्या घेत खाली येणारे विमान सावरण्याचे प्रशिक्षण, एवढे झाले की इन्स्ट्रक्टरचे प्रमाणपत्र मिळते. मग दुसऱ्याला शिकवता शिकवता आपले तास भरत जातात. माझ्या भाचीने तीन वर्षे हेच केले.

तिचा पहिला प्रश्न शिक्षिका होण्यापूर्वीच्या काळातला. तास वाढवण्याचा खर्च मोठा. म्हणून दोन शिकाऊ वैमानिक मिळून एक विमान भाड्याने घेतात. एकजण डोळ्यांवर हूड, म्हणजे बाहेरचे काही दिसू नये असा आडोसा लावतो आणि केवळ उपकरणांवर विमान चालवतो. दुसरा शेजारी बसून बाहेर नजर ठेवतो. त्याला सेफ्टी पायलट म्हणतात. उभयतांच्या संमतीने विमानाची जबाबदारी सेफ्टी पायलटकडे असेल, तर तो वेळ दोघांनाही आपापल्या वहीत ‘पायलट-इन-कमांड’ म्हणून लिहिता येतो. एक तास, दोन वह्या, दोन्हींत विमानाचा प्रमुख. तेथील कायदा याला मुभा देतो.

पण ही मुभा फक्त हूड डोळ्यांवर असेल तेवढ्याच वेळापुरती. उड्डाण घेताना, उतरताना, धावपट्टीकडे जाताना हूड नसतो, आणि मग सेफ्टी पायलटची कायद्याने गरजही नसते. त्या वेळी तो केवळ शेजारी बसलेला माणूस. भाचीने व तिच्या सोबत्याने अशी पुष्कळ उड्डाणे केली. त्यांपैकी 42 उड्डाणांत ती सेफ्टी पायलट होती आणि तिने संपूर्ण उड्डाणाचा वेळ आपल्या नावे लिहिला. तेव्हा सगळेच तसे लिहीत, असे ती म्हणते. ‘उड्डाण झाले, विमान खरे, मी आत बसले होते. खोटे काय लिहिले?’ हा प्रश्न तिने मला विचारला. की स्वतःलाच, हे मला सांगता येणार नाही.

येथे मला कुरआनातील सूरह मुतफ्फिफीन आठवते. तिचे नावच माप मारणाऱ्यांवरून पडले आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना माप कमी करणारे, यांच्या विनाशाच्या इशाऱ्याने तिचा प्रारंभ होतो. मदीनेच्या बाजारात धान्याचे माप होते. आपल्या काळात तासही माप झाले आहेत. अमेरिकेत हे तास दशांशात लिहितात. एक दशांश म्हणजे सहा मिनिटे. नियमाप्रमाणे उड्डाणाचा वेळ विमान उड्डाणासाठी स्वतःच्या शक्तीने हलू लागते तेव्हापासून धरायचा. पण विमानातील मीटर इंजिन सुरू होताच चालू होते, आणि थंडीत इंजिन गरम होईपर्यंत विमान जागचे हलत नाही. मीटरचा आकडा उतरवून घेतला की कोणाला दिसणारही नाही अशी सहा मिनिटे रोज जमा होतात. मापाच्या तळाला मेण लावणाऱ्या जुन्या व्यापाऱ्याची युक्ती याहून फार वेगळी नव्हती.

आपल्याकडेही या रोगाची लक्षणे दिसली आहेत. 2011 च्या आरंभी गोव्याच्या धावपट्टीवर एका प्रवासी विमानाचे पुढचे चाक आधी टेकले. त्या चौकशीतून परवान्यासाठी बनावट गुणपत्रिका दिल्याचा आरोप पुढे आला, अटक झाली, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देशभरातील परवान्यांची तपासणी हाती घेतली. त्यात कितीतरी प्रामाणिक वैमानिकांनाही आपले कागद पुन्हा पुढे करावे लागले. जुन्या वैमानिकांच्या बोलण्यात ‘पार्कर पेनचे तास’ असा एक शब्दप्रयोग आहे. विमानाने नव्हे, पेनाने केलेले उड्डाण. हसण्यासारखा शब्द आहे. पण त्या पेनाच्या मागे बसणाऱ्या प्रवाशाला तिकीट मात्र खऱ्या विमानाचे घ्यावे लागते.

भाचीची गोष्ट बनावट गुणपत्रिकेची नाही, हे मी जाणतो. म्हणूनच तिच्या प्रश्नाची दुसरी बाजू मला अधिक विचार करण्याजोगी वाटली. हूड डोळ्यांवर असतानाचे तास तर कायद्यानेच तिचे आहेत. परंतु कंपनीच्या अर्जात स्पष्ट लिहिले आहे की पायलट-इन-कमांड म्हणून तेवढेच तास सांगावेत, ज्यांत तुम्ही त्या विमानाचे अंतिम उत्तरदायी होता. शब्द एकच, पण कायद्याच्या वहीतील अर्थ वेगळा आणि अर्जातील अर्थ वेगळा. ज्या दिवशी ती स्वतः हूड लावून विमान चालवत होती आणि उत्तरदायित्व शेजारच्या सोबत्याकडे होते, तो वेळही तिच्या वहीत पायलट-इन-कमांडच्या रकान्यात बसला आहे, आणि कायदेशीरपणे बसला आहे. मैत्रिणी म्हणतात, वहीत आहे तोच आकडा उतरव. कोणी विचारलेच तर नियम दाखव.

सहीह मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, शपथेचा अर्थ शपथ घ्यायला लावणाऱ्याच्या हेतूप्रमाणे धरला जाईल. म्हणजे न्यायाधीशासमोर एक शब्द उच्चारायचा आणि मनात त्याचा दुसरा अर्थ धरून मोकळे व्हायचे, ही वाट प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बंद केली. फिक्हच्या जाणकारांनी द्व्यर्थी बोलण्याला काही प्रसंगी, विशेषतः जुलमापासून बचावासाठी, मुभा दिली आहे; परंतु ज्याने दुसऱ्याचा हक्क बुडतो तेथे ती मुभा नाही. विमान कंपनी येथे जालीम नाही. तिला विचारण्याचा हक्क आहे, आणि तिच्या पाठीमागे ते प्रवासी आहेत जे ही वही कधी पाहणार नाहीत आणि अर्जही कधी वाचणार नाहीत. प्रश्न त्यांच्याच वतीने विचारला गेला आहे. तेव्हा उत्तर देणाऱ्याने स्वतःच्या वहीतील अर्थाला नव्हे, विचारणाऱ्याच्या अर्थाला उत्तर दिले पाहिजे. शब्द खरा असून साक्ष खोटी असू शकते. मी तिला हेच लिहिले, आणि सारे पत्र लिहिताना याच एका वाक्याला मला सर्वाधिक वेळ लागला.

दुसरा प्रश्न अपयशाचा. इन्स्ट्रक्टरच्या पहिल्या कसोटीत ती नापास झाली होती. ही कसोटी अवघड म्हणूनच प्रसिद्ध आहे आणि पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण होणारे थोडे नसतात. अर्जात विचारले आहे: कोणत्याही चेकराइडमध्ये कधी अनुत्तीर्ण झाला आहात काय? तिची आई, म्हणजे माझी बहीण, फोनवर मला म्हणाली, ‘भाईजान, अल्लाहने ऐब झाकायला सांगितले आहेत ना? मग मुलीने आपण होऊन का उघडे पडावे?’

बहिणीच्या बोलण्यात माया होती, आणि तिच्या बोलण्याला आधारही आहे. आपले गुनाह लोकांपुढे मांडू नयेत, अल्लाहने झाकले ते झाकलेले राहू द्यावे, ही शिकवण खरी आहे. पण परीक्षेत नापास होणे हा गुनाह नाही. तो मालाचा गुणधर्म आहे, आणि घेणाऱ्याला तो सांगावा लागतो. प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही. आणि जो फसवतो तो आमच्यातला नव्हे, असे बजावले. या प्रसंगात एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. भिजलेले धान्य विकू नकोस, असे प्रेषितांनी त्याला म्हटले नाही. वर ठेव, एवढेच म्हटले. ज्याला ते त्या भावात चालेल तो घेईल. माझ्या भाचीचे अपयश हे भिजलेले धान्य आहे. ते राशीच्या वर ठेवून ती अर्ज करू शकते, आणि अशा अर्जांवर अनेकांना नोकऱ्या मिळतात.

माणूस जे नाही ते असल्याचा आव आणतो तेव्हा तो जणू खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरतो, अशा अर्थाचेही एक वचन हदीसमध्ये आहे. एक वस्त्र इतरांसाठी. दुसरे कोणासाठी, याविषयी विद्वानांनी निरनिराळे लिहिले आहे. मला वाटते ते स्वतःसाठी. वैमानिकाच्या बाबतीत हे दुसरे वस्त्र अधिक घातक. ढगांत शिरल्यावर आपण उपकरणांवर शंभर तास उडालो आहोत असा भरवसा ज्याला वाटतो, पण उडालेला असतो साठच, त्याला त्या क्षणी अर्जातील आकडा वाचवायला येत नाही.

आणखी एक गोष्ट मी तिला लिहिली, जी तिने विचारली नव्हती. आता ती केवळ आपली वही भरत नाही. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर सही करते. हा मुलगा एकट्याने विमान नेण्यास सिद्ध आहे, अशी ती सही म्हणते. ही ग्वाही आहे. मोठ्या पापांविषयी सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते, आणि खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सावरून बसले व तेच शब्द पुन:पुन्हा उच्चारत राहिले, असे हदीसमध्ये येते. स्वतःच्या नोंदीत सवलत घेणारा हात दुसऱ्याच्या वहीवर सही करताना किती काटेकोर राहील, याची मला शंका आहे.

पत्र पाठवताना मन हलके नव्हते. तेथील विमान कंपन्यांत रुजू होण्याच्या तारखेवरून ज्येष्ठता ठरते, आणि त्या ज्येष्ठतेवरून पुढे विमान, शहर, सुट्टी, पगार, कप्तानपद, सारे काही ठरते. एका महिन्याचा उशीर म्हणजे आयुष्यभर कोणाच्या तरी मागे उभे राहणे. मेहुण्यांनी तिच्या शिक्षणासाठी घर घेणे लांबवले, हेही मला ठाऊक होते. दुसऱ्याच्या मुलीला सत्य सांगणे सोपे असते.

पंधरा दिवसांनी तिचे उत्तर आले. हूड लावणाऱ्याच्या वहीत त्या वेळाचा स्वतंत्र रकाना असतो. तिने सोबत्याकडे त्याच्या वहीची प्रत मागितली. तो आधी रागावला; हिचे तास बदलले तर त्याच्याकडेही बोट दाखवले जाईल, अशी त्याला भीती होती. तिने सांगितले की मी माझीच वही दुरुस्त करीत आहे, तुझ्याविषयी कोठे काही लिहिणार नाही. मग त्याने प्रत दिली. तिने 42 उड्डाणे एकेक करून ताडून पाहिली. जुन्या आकड्यावर एकच रेघ, तो वाचता येईल अशी, शेजारी नवा आकडा, तारीख व सही. 21 तास कमी झाले. 1512 चे 1491 राहिले, म्हणजे अट पूर्ण व्हायला नऊ तास हवेत. अर्जासाठी पायलट-इन-कमांडचे तास तिने वेगळ्या कागदावर नव्याने मोजले, आणि अपयशाच्या प्रश्नापुढे ‘होय’ लिहून खाली तारीख व कारण दिले.

त्या आठवड्यात तेथे ढग उतरले होते आणि शिकाऊ विमाने जमिनीवरच होती. पत्राच्या शेवटी तिने लिहिले होते की सोमवारी हवामान उघडेल असे दिसते, आणि सकाळी आठ वाजता एका नव्या विद्यार्थ्याचा पहिला धडा आहे.