कुठे ठेवू, असं विचारणं

ऑफिस २०१० च्या सेटअपमध्ये 'कस्टमाइझ' नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की 'फाइल लोकेशन'चा टॅब दिसायचा आणि प्रोग्राम सी ड्राइव्हवर ठेवायचा की डीवर, हे आपण ठरवायचो. आज क्लिक-टू-रन पद्धतीने येणारं ऑफिस हा प्रश्न विचारत नाही. विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे, तिथेच ते बसतं. मग सी १२८ जीबीचा, गच्च भरलेला असो आणि १ टीबीचा डी रिकामा पडलेला असो.

यात बिघडलं काय? बहुतेक जण तसेही 'नेक्स्ट, नेक्स्ट' करतच पुढे जायचे. कंपनीची बाजूही पोकळ नाही. प्रोग्राम ठरल्या जागी असला की अपडेट सोपे जातात. शिवाय 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये अॅडमिनच्या परवानगीशिवाय ढवळाढवळ करता येत नाही. डीवर आपण केलेल्या फोल्डरला ते संरक्षण आपोआप मिळेलच असं नाही.

म्हणून ठरवून दिलेल्या जागेवर माझा आक्षेप नाही. कपाट पोचवायला आलेला माणूस 'इथे ठेवलं तर बरं' म्हणाला, तर तो सल्ला. न विचारता ठेवून निघून गेला, तर घर कुणाचं हे त्याने परस्पर ठरवलं. कपाट तेच, जागाही कदाचित तीच.

पर्यायाची किंमत तो किती जण वापरतात यावर ठरत नाही, असं मला वाटतं. प्रोग्राम आपण विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. प्रोग्राम त्यांचा, हे मान्य. पण डिस्क माझी आहे. लिब्रेऑफिसचा विंडोज सेटअप आजही 'कस्टम' निवडल्यावर फोल्डर बदलू देतो. म्हणजे विचारणं अशक्य नाही.

फोनवर वाढलेल्यांना हा वाद जुनाट वाटेल. अॅप कुठे बसतं, हे तिथे कोण बघतं? पण न बघण्याची सवय प्रोग्रामपाशी थांबत नाही. खात्यात साइन-इन केलं की ऑफिस नवी फाइल वनड्राइव्हवर ठेवायला सुचवतं. तिथे जागा अजून बदलता येते, पण बदलायचं सुचायला हवं ना! प्रोग्राम पुन्हा उतरवता येतो. अर्धा झालेला प्रबंध, आईच्या औषधांचा हिशेब, कुणाला न पाठवलेलं पत्र पुन्हा उतरवता येत नाही. ते नेमकं कुठे आहे, हे आपल्याला तरी सांगता यायला हवं.