अकराव्या तासाचे बोलावणे

शास्त्रपाठ : मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत आपण पुष्कळ वेळा ऐकिला आहे. धनी पहाटेस बाजारात गेला आणि दिवसाची मजुरी ठरवून त्याने माणसे कामास लाविली. पुढे तिसऱ्या, सहाव्या व नवव्या तासास तो पुनः गेला. दिवस मावळावयास एकच तास उरला असता तो आणखी एकदा गेला, तो तेथे काही माणसे अजून उभीच होती. तुम्ही रिकामे का, असे त्याने पुसले. आम्हांस कोणी कामावर घेतले नाही, एवढेच ती बोलली. त्याने त्यांसही मळ्यात पाठविले आणि सायंकाळी पहिल्यांइतकीच मजुरी दिली. हा दृष्टांत मूळचा देवाच्या कृपेविषयी आहे, हे विसरू नये. परंतु कृपेचा जो धडा घरात गिरविला जात नाही, तो देवळात पाठ करून काय लाभ? म्हणून आज तो आपल्या मुलांच्या शिक्षणास लावून पाहू.

दर वर्षी बारावीचा निकाल लागतो. ज्यास चांगले गुण मिळाले त्याच्या घरी पेढे वाटतात. ज्याचे नाव महाविद्यालयाच्या पहिल्या यादीत आले नाही त्याच्या घरी चूल थंड असते. बाप म्हणतो, शिक्षण तुझ्या नशिबी नाही. आणि मुलगा मुसळगाव किंवा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर जातो. आई मुलीसाठी स्थळे पाहू लागते. श्रम हीन नव्हेत. आपला प्रभूही सुताराच्या घरी वाढला. परंतु पहिली यादी हाच शेवटचा निवाडा मानून दाराला आपल्याच हाताने कडी घालणे, हे विश्वासणाऱ्यांस शोभत नाही.

कारण बोलावणे एकदाच येत नाही. अभियांत्रिकी, औषधनिर्माण इत्यादी अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून अनेक फेऱ्यांत होतात. मिळालेली जागा कोणी घेत नाही, कोणी सोडून अन्यत्र जातो. त्या जागा पुढच्या फेरीत येतात. सर्व फेऱ्यांनंतर ज्या उरतात त्या संस्थास्तरीय फेरीत भरितात. कला, वाणिज्य व विज्ञान ह्या शाखांतही एकीमागून एक यादी लागते. खुद्द सिन्नरास मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय आहे, व ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठास जोडलेले आहे. शेती, नोकरी वा संसार सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकास १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. जो नापास झाला त्यास पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे. आता पुरवणी परीक्षा निकालानंतर थोड्याच आठवड्यांत होते व वर्ष वाचू शकते. २०२५ साली अकरावीचे प्रवेश प्रथमच सर्व राज्यभर ऑनलाइन झाले. नियमित फेऱ्यांनंतर सर्वांसाठी खुली फेरीही ठेविली होती. तरी लाखो जागा रिकाम्या राहिल्या. मळा मोठा आहे, आणि बाजारात माणसे उभी आहेत.

आता तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली ही की, धन्याने त्या मजुरांस आळशी म्हटले नाही. त्यांचे उत्तर खरे होते. आपल्या वाड्यावस्त्यांवरील मुलांचेही उत्तर हेच आहे : आम्हांस कोणी सांगितले नाही. प्रवेशाची सूचना संकेतस्थळावर लागते, ती समजावून देणारा घरी कोणी नसतो. पेरणीची घाई असते, आणि मुदत टळते. उपदेशक बंधूंनो, धनी स्वतः बाजारात गेला. तो मळ्यात बसून वाट पाहत राहिला नाही. निकालानंतरच्या रविवारी उपासना संपल्यावर मंडळीतील मुलामुलींची नावे लिहून घ्या. फेऱ्यांच्या तारखा फळ्यावर मांडा. ज्या तरुणास अर्ज भरता येतो त्यास एकेका घरी पाठवा. हीही सेवाच आहे.

दुसरी ही की, ती माणसे सायंकाळपर्यंत बाजारात उभी राहिली. ती घरी गेली असती तर धन्यास सापडली नसती. म्हणून गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा व उत्पन्नाचा दाखला ही कागदपत्रे निकालाआधीच जमवावी. तहसील कचेरीचे काम एका दिवसात होत नसते. ह्याच शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात, तेल आणावयास गेलेल्या कुमारी परतल्या तेव्हा दार बंद झाले होते. धनी उशिरा बोलावितो खरा, परंतु बोलाविल्यावर जो उशीर करितो त्याच्यासाठी दार उघडे राहत नाही. एक उदाहरण पाहा. वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास ह्या वर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी शासनाने २०२४ साली पूर्ण माफ केली. परंतु ही सवलत संस्थास्तरावर झालेल्या प्रवेशांस लागू केली नाही. तेव्हा शेवटची फेरी आहे म्हणून आधीच्या फेऱ्या दवडू नका. आणि पैसे द्या, जागा मिळवून देतो, असे म्हणणाऱ्या दलालास दारात उभे करू नका. महाविद्यालयाच्या कचेरीत स्वतः जावे, फी विचारावी, पावती घ्यावी.

तिसरी ही की, कुरकुर उशिरा आलेल्यांनी केली नाही, आधी आलेल्यांनी केली. ज्यांची मुले पहिल्या यादीत आली त्यांनी शेजाऱ्याच्या मुलास उरल्यासुरल्या जागेवर गेलेला म्हणून हिणवू नये. वर्गात बसल्यावर पहिल्या यादीचा व शेवटच्या यादीचा असा भेद राहत नाही. अभ्यास एकच, परीक्षा एकच, पदवीही एकच. मुलानेही मान खाली घालू नये. आपल्याच जिल्ह्यातील जलालपुरी १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांस लहानपणी शाळा मिळाली नाही. लग्नानंतर त्या घरीच अक्षरे शिकल्या. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले, आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. त्या उशिरा शिकल्या म्हणून त्यांचे लिखाण आज कोण कमी लेखितो?

बंधुभगिनींनो, आपणांपैकी बहुतेकांचे पूर्वज प्रभूच्या मळ्यात उशिराच आले, तरी त्यांस पूर्ण वाटा मिळाला. ज्यांनी स्वतः असे घेतले आहे त्यांनी आपल्या लेकरांस, यादीत नाव नाही एवढ्यावरून, दिवस मावळला असे कधीही सांगू नये. प्रकाश असेपर्यंत बाजारात जावे, आणि जो उभा असेल त्यास हात धरून मळ्याच्या वाटेस लावावे. आमेन.