दाराची चौकट वाकली आहे

बस खाली. आधी तो फोन बाजूला ठेव, मग बोलू.

हातोदच्या चौकात लागलेला तुझा वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिला. माळव्याचं युवा नेतृत्व! अठ्ठावन्न संपली ना रे तुला? खाली निवेदक म्हणून समस्त मित्र मंडल. पैसे कोणी मोजले हे मला ठाऊक आहे, फ्लेक्स छापणाराही माझ्याच हाताखाली शिकलाय. स्वतःच्या खर्चानं स्वतःला ओवाळून घ्यायचं आणि नाव मित्रांचं पुढे करायचं, हा शुद्ध खोटेपणा आहे.

आणि तो फोटो! उजव्या भुवईवरची खूण कुठे गेली? आठवीत असताना गहू कापताना विळा लागला होता, टाके ओले असतानाच तू वर्गात येऊन बसला होतास. ती खूण फिल्टरनं पुसली, गाल आत घेतले, डोळे मोठे केले. हे करताना फोटोत तुझ्या मागे असलेल्या दाराची चौकट आत वाकली, तीसुद्धा तुला दिसली नाही. स्वतःकडे बघण्यात माणूस इतका गुंततो, की मागचं घर वाकडं झालेलं त्याला कळत नाही.

वर तू म्हणतोस, सेल्फीत नाक फार मोठं दिसतं. अरे, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला आहे. एका फुटावरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के अधिक रुंद दिसतं. पाच फुटांवरून काढला तर हा फरक जवळपास उरत नाही. दोष अंतराचा आहे, आणि तू लाज धरलीस चेहऱ्याची. तुझी मुलगी हे रोज बघते. वय वाढणं ही लपवायची गोष्ट आहे, हेच तिनं बापाकडून शिकायचं का?

इंदूरच्या ज्या विमानतळावर उभं राहून तू रील काढलीस, त्याला नाव कोणाचं आहे? अहिल्याबाईंचं. ब्रिटिश अधिकारी माल्कमनं १८२३ च्या आपल्या ग्रंथात त्यांची हकीकत लिहिली आहे. एका ब्राह्मणानं त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या आणि नर्मदेत टाकायला लावला. ग्रंथकर्त्याकडे पुन्हा लक्षही दिलं नाही. त्याच ग्रंथात आहे, की राघोबादादांच्या आनंदीबाईंनी अहिल्याबाई दिसतात कशा हे पाहायला एक बाई पाठवली. तिनं परत येऊन सांगितलं, नाकीडोळी सुंदर नाहीत, पण चेहऱ्यावर दैवी तेज आहे. आनंदीबाईंनी त्यातलं एवढंच धरलं, की सुंदर नाहीत ना! तू आज आनंदीबाईंच्या बाजूला जाऊन बसला आहेस, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

कारण तुझ्याजवळ सांगण्यासारखं आहे. तीस वर्षांहून अधिक काळ तू या काळ्या मातीत सोयाबीन घेतो आहेस. पान पिवळं पडलं तर ते पाणी साचल्यामुळे की पिवळ्या मोझॅकमुळे, हे तू बांधावरून ओळखतोस. पांढरी माशी दिसताच रोगट झाडं उपटून टाकायला तू शेजाऱ्यांना सांगितलंस आणि त्यांची शेतं वाचली. तेव्हा तुझ्या शब्दाला वजन होतं ते पांढऱ्या केसांमुळे. पंचविशीतल्या पोराचं कोणी ऐकलं नसतं. आणि आता तूच ते केस काळे करून, वर्षं झाकून, कॉलेजच्या पोरांच्या रांगेत उभा राहतोस? तिथे तुझं काय काम?

लोकांसमोर यायला माझी हरकत नाही. जरूर ये. पण आज संध्याकाळी फ्लेक्स उतरव, स्वतःच्या हातानं. तो फोटो काढून टाक. मग शेतात जा, रोगट पान हातात धर, फोन पोराच्या हातात देऊन त्याला पाच फूट लांब उभा कर, आणि रोग कसा ओळखायचा ते सांग. पहिल्या वाक्यात वय सांगायचं, खरं. झालं की मला पाठव, मी तपासणार आहे.