वडिलांची शेवटची वर्षे



नोव्हेंबर हा मृतजनांच्या स्मरणाचा महिना. दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, मिस्सासाठी नावे दिली जातात. वडिलांचे नाव लिहिताना मात्र पुष्कळांचा हात अडखळतो. डोळ्यांपुढे येतात ती शेवटची वर्षे : लेकरांना न ओळखणारे, रात्री-अपरात्री घराबाहेर पडणारे, विनाकारण रागावणारे वडील. हे आपले वडील नव्हेतच, असे तेव्हा वाटून गेलेले असते आणि ते वाटणे नंतर मनाला खात राहते.

अशा घरांनी बाळ येशूच्या संत तेरेजाचे घर आठवावे. तिचे वडील लुई मार्टिन हे फ्रान्समधील घड्याळांचे कारागीर. १८७७ साली पत्नी वारली तेव्हा पदरात पाच मुली, धाकटी तेरेजा अवघी साडेचार वर्षांची. ते तिला लाडाने राणी म्हणत, ती त्यांना राजा. १८८७ च्या पेन्टेकॉस्टच्या सणाला तिने कार्मेल मठात जाण्याची परवानगी मागितली. त्यांनी बागेच्या भिंतीवरचे एक इवलेसे पांढरे फूल मुळासकट उपटून तिच्या हाती दिले.

हाच राजा पुढे भ्रमिष्ट झाला. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले. तीन वर्षांहून अधिक काळ ते तेथे होते. मुली मठात गेल्या म्हणून बापाची ही दशा झाली, असे लोक बोलत. (लोक सगळीकडे सारखेच!) १२ मे १८९२ रोजी त्यांना मठात भेटीसाठी आणले. निरोप घेताना त्यांनी बोट वर केले आणि स्वर्ग एवढाच शब्द कसाबसा उच्चारला. तेरेजाला ते पुन्हा दिसले नाहीत. २९ जुलै १८९४ रोजी ते वारले. घरी त्यांची सेवा केली ती सेलिन ह्या मुलीने.

तेरेजाने ही वर्षे लपवली नाहीत. येशूच्या क्लेशग्रस्त मुखाची ती भक्ती करी. वडिलांचा झाकोळलेला चेहरा तिने त्याच मुखाजवळ ठेवला.

सेमिनरीत आम्ही आत्म्याच्या अमरत्वाविषयीचे प्लेटोचे युक्तिवाद शिकलो. ते चांगले आहेत, पण कबरीपाशी उभ्या असलेल्या लेकीला ते पुरत नाहीत. तिला वडील हवे असतात : ते हात, ती हाक, ती ओळख. दर रविवारी आपण देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास प्रकट करतो तो ह्यासाठीच. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते. सोसलेले पुसले गेले नाही, त्याचे रूप पालटले.

तरीही शंका येते : बाबा देवाघरी पोहोचले असतील ना? तेरेजालाही ती आली. सेलिनच्या मठप्रवेशाला एका सिस्टरचा विरोध होता. वडील थेट स्वर्गात गेले असतील तर हा विरोध मावळू दे, अशी खूण तेरेजाने मिस्साच्या वेळी मागितली. बाहेर येताच तीच सिस्टर प्रथम भेटली आणि सेलिनविषयी बोलताना तिचे डोळे भरून आले. १४ सप्टेंबर रोजी सेलिन मठात आली. लुई मार्टिन ह्यांना पत्नी झेलीसह पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली संत घोषित केले.

आपल्याला अशी खूण मिळेलच असे नाही. ख्रिस्तसभा तशी अटही घालत नाही. ती एवढेच म्हणते, मिस्सा अर्पण करा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. तेव्हा नावे ह्या आठवड्यात चर्चच्या कार्यालयात द्यावीत. घरी वडिलांना ज्या नावाने हाक मारीत होता, ते लिहिलेत तरी चालेल.