जुळवून घेणाऱ्या माशांचं कौतुक

पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात २०२३ साली समुद्र तापला. त्या काळात तिथल्या विदूषक माशांची, म्हणजे 'निमो'मुळे पोराटोरांना ठाऊक झालेल्या नारिंगी-पांढऱ्या माशांची, दर महिन्याला मोजमापं घेतली जात होती. १३४ पैकी १०१ मासे आखूड झाल्याचं आढळलं. नुसते वाळले नाहीत, लांबीलाच कमी झाले. कणा असलेल्या प्राण्याने महिन्याभरात असं आखडावं हे चक्रावून टाकणारंच आहे. त्यातही जे आखडले ते उष्णतेतून जगण्याची शक्यता जास्त निघाली. मग व्हायचं तेच झालं. निसर्ग कसा मार्ग काढतो बघा, म्हणून सगळीकडे वाहवा झाली.

मला या वाहवेची धास्ती वाटते.

पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो, आणि नेमकी तेव्हाच माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. विषुववृत्ताजवळचे मासे बारा महिने जवळपास एकाच तापमानात वाढलेले असतात, त्यामुळे दीड-दोन अंशांची वाढही त्यांना भारी पडते. अशा वेळी शरीर लहान असलं की थोडक्यात भागतं, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर त्या माशांनी खर्च कमी केला, एवढंच म्हणता येईल. मिळकत घटल्यावर माणूस खर्च कमी करतो, त्याला कुणी प्रगती म्हणत नाही.

माशांपेक्षा मोठं संकट त्यांच्या घरावर, म्हणजे प्रवाळावर, आहे. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाला बरंचसं अन्न तेच पुरवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी अंशभर जास्त, तेही काही आठवडे, एवढ्यानेच हा संसार मोडतो. प्रवाळ शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. पाणी वेळेत निवलं तर सावरतं, नाहीतर मरतं. मेल्यावरही सांगाडा काही वर्षं उभा असतो. फांद्या असतात, फटी असतात, मासेही दिसतात. पुढे लाटा आणि पोखरणारे जीव तो सांगाडा पाडतात, आणि लपायला जागा उरत नाही.

या मधल्या वर्षांत मासे काय करतात? २०१६ च्या उष्णतेच्या आगेमागे हिंदी-प्रशांत महासागरांतल्या १७ प्रवाळ-ठिकाणी फुलपाखरू माशांच्या ३८ जातींचं निरीक्षण झालं. यातले बरेच मासे प्रवाळच कुरतडून खातात आणि आपल्या जागेसाठी हिरिरीने भांडतात. प्रवाळ गेल्यावर त्यांची भांडणं दोन तृतीयांशांनी कमी झाली. वरवर बघणाऱ्याला वाटेल, चला, सामोपचार आला. खरं कारण हे, की राखण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि बहुधा भांडायला लागणारी ताकदही परवडत नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण लक्षद्वीपचं आहे. १९९८, २०१० आणि २०१६ अशा तीन उन्हाळ्यांनी तिथलं प्रवाळ भाजून काढलं, २०२४ मध्ये पुन्हा तेच. अशा तडाख्यांनंतर रुचा करकरे, रोहन आर्थर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे गोबऱ्याच्या एका जातीचा अभ्यास केला. निळ्या ठिपक्यांचा हा तपकिरी मासा मुळात दबा धरून बसणारा शिकारी. प्रवाळाच्या आडोशाला निपचित पडून राहायचं आणि सावज टप्प्यात आलं की झडप घालायची. जिथे प्रवाळाची रचना ढासळली तिथे आडोसाच नाही, तर दबा कुठे धरणार? तिथला गोबरा हिंडून शिकार करायला लागला, आणि आहार मात्र त्याने जवळपास पूर्वीचाच टिकवला. ताटात फरक नाही, पण त्यासाठीची पायपीट वाढली. (माशाची पायपीट म्हणणं चुकीचं आहे, पण दुसरा शब्द सुचत नाही.) त्याच कुळातल्या दीर्घायुषी जातींना हे साधलेलं नाही. त्या प्रवाळाची रचना टिकून आहे अशाच ठिकाणी टिकून आहेत.

म्हणून 'मासे तर भरपूर दिसतात' या वाक्यावर माझा विश्वास नाही. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ माजतं, ते खाणारे पोपटमासे आणि त्यांच्यासारखे इतर सुरुवातीला चांगले पोसतात. मालवणला पाण्यात उतरलेल्या पर्यटकांभोवती पावाच्या तुकड्यांसाठी पट्टेरी माशांची झुंबड उडते, त्यावरून तळाच्या प्रवाळाची तब्येत कळत नाही. जिवंत फांद्यांशिवाय न जगणारे बोटभर मासे आधी जातात, आणि ते गेल्याचं सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

लक्षद्वीपच्या मच्छीमाराच्या मात्र ते लक्षात येतं. तिथली कुप्याची, म्हणजे टुनाची, मासेमारी काठी आणि गळ वापरून होते. आधी उथळ पाण्यातले छोटे मासे पकडून होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवायचे. कुप्यांचा थवा दिसला की ते मूठमूठ फेकायचे आणि थवा वर आला की एकेक मासा काठीने उचलायचा. या आमिषातले काही मासे प्रवाळाच्या फांद्यांमध्येच राहणारे. ते मिळाले नाहीत तर खोल समुद्रात कुपा कितीही असो, होडी रिकामी.

या मासेमारीचा एक फायदा बेटांना झाला. लोक कुप्यावर जगत होते, त्यामुळे प्रवाळातले मासे फारसे मारले गेले नाहीत. शेवाळ खाणारे शिल्लक राहिले, आणि १९९८ नंतर प्रवाळ सावरण्यात त्यांचा हात होता. आता प्रवाळातल्या मोठ्या माशांनाही गिऱ्हाईक मिळू लागलं आहे. समुद्र थंड करणं या बेटांच्या हातात नाही. लक्षद्वीपची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६५ हजारांच्याही आत होती, आणि हा ताप त्यांनी चढवलेला नाही. पण पोपटमासा आणि गोबरा किती मारायचा, हे ठरवणं बेटांवर शक्य आहे. तेवढ्याने पुढची उष्णतेची लाट टळणार नाही. दोन लाटांमधल्या वर्षांत प्रवाळाला उभं राहायला मदत होईल, आणि ती वर्षंच आता कमी पडत आहेत.

गोबरा शिकारीची पद्धत बदलून तगला, तेव्हा त्याला धोका नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. आडोसा सोडून उघड्यावर हिंडणारा मासा गळाला लागायला सोपा असणार, असा मला दाट संशय आहे.